कुंकवाचं बोट

माझं नाव दत्तात्रय, पण पंचवटीत दत्तू पॅकिंगवाला म्हणालात तरच कोणी दुकान दाखवेल. जन्म इथलाच, शिक्षण नववीपर्यंत, तेही काय सांगू तुम्हाला, नुसतं नावाला. वडील मूर्ती बांधायचे. घडवायचे नाहीत, बांधायचे. यात्रेकरू संगमरवरी मूर्ती विकत घ्यायचे, ती रेल्वेने त्यांच्या गावी जायची, आणि न तुटता जावी म्हणून दुकानदार बाबांना बोलवायचे. फळ्यांची पेटी, भाताचा पेंढा आणि सुतळी, एवढंच सामान. बाबांच्या हातची मूर्ती कधी तुटली नाही असं सगळे म्हणायचे, मीही म्हणतो.

बाबांचे नियम दोनच. मूर्ती जशी आली तशी बांधायची, मुकुट काढ, आयुध काढ असलं काही करायचं नाही, देवाचे अवयव सुटे करणारे आपण कोण. आणि दुसरा, पोकळी ठेवायची नाही. हात आणि कमर यांच्यामध्ये जागा असते ना, तिथे पेंढा ठासायचा, इतका की मध्ये बोट जाता कामा नये. पोकळी राहिली की हात गेला. हे सगळं झालं की झाकण ठोकण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला कुंकवाचं एक बोट लावायचे. म्हणजे हे पार्सल माझ्या नजरेखालून गेलंय, याला मी जबाबदार. बाबा गेले, पेंढा गेला, पुठ्ठा आला, बबलचा कागद आला, आता तर टीव्ही आणि मिक्सरच जास्त येतात, पण ते बोट मी चालू ठेवलं. आतल्या बाजूला असतं, कोणी बघतही नाही.

तर मागच्या हिवाळ्यात रॉबर्ट सर आले. नाशिकरोडला राहतात, शाळेत संगीत शिकवायचे, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, हात थरथरतात त्यांचे. रिक्षातून एक काळी पेटी उतरवली, रेक्झिन लावलेली, पुढून जाळी, आणि वजन म्हणाल तर आम्हा दोघांना उचलावी लागली. सर म्हणाले, दत्तू, हा माझा ॲम्प, गिटारीचा आवाज मोठा करणारा, तरुणपणी बँडमध्ये होतो तेव्हापासूनचा. नात बंगळुरूला कॉलेजात आहे, तीही गिटार वाजवते, तिचा पहिला कार्यक्रम आहे, ती याच्यावर वाजवणार आणि मी इथून फोनवर ऐकणार. आणि म्हणाले, नीट ऐक, यात ट्यूब आहेत, काचेच्या, जुन्या रेडिओत असायच्या तशा. त्या आधी काढायच्या, एकेक गुंडाळून वेगळ्या खोक्यात घालायच्या. माझ्या हातांनी आता होत नाही. तुला जमेल ना? मी म्हटलं, सर, असल्या किती पेट्या बांधल्या असतील मी. एकही बांधली नव्हती. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर बाबांचा मुलगा म्हणणार का, की मला येत नाही?

सर गेल्यावर पेटी मागून बघितली. मागची बाजू अर्धी उघडी, आत वरच्या पत्र्याला दोन मोठ्या काचेच्या ट्यूब वटवाघळासारख्या उलट्या लटकलेल्या, बुडाशी तारेच्या चापात पकडलेल्या. एक धरून हलवली. सुटेना. जरा जोर केला तर काच कुरकुरली आणि मी हात मागे घेतला. तिथे मला बाबा आठवले बघा. जशी आली तशी बांधायची. म्हटलं, हेच बरोबर, काढायला गेलो आणि मोडली तर? वर्तमानपत्राचे बोळे केले आणि त्या ट्यूबभोवती ठासले, वरून, खालून, मधून, बोट जाईना इतके. मग बाहेरून बबल, थर्माकोल, दोन खोकी एकात एक. बाहेरचं काम चोख केलं होतं हो, ते खोटं बोलत नाही. पट्टी मारण्याआधी झाकणाच्या आत बोट लावलं.

संध्याकाळी सरांचा फोन. ट्यूब निघाल्या का सगळ्या? मी म्हटलं, हो. पाचही? मी पुन्हा म्हटलं, हो, पाचही. मला दोनच दिसल्या होत्या. तीन बारक्या ट्यूब पत्र्याच्या टोप्यांखाली होत्या, त्या ट्यूब आहेत हेच मला माहीत नव्हतं. तेव्हा तरी सांगायचं ना, की सर, पाच कुठल्या? पार्सल तर अजून दुकानातच होतं. दुसऱ्या दिवशी चार वाजता सलीम आला आणि घेऊन गेला.

सलीम कुरिअरवाला, जुन्या नाशकातला, रोज चारला त्याची गाडी येते, मला मामा म्हणतो. मामा, इसमें क्या भगवान बिठाया है, इतना भारी, असं म्हणत त्याने छातीशी धरून उचललं आणि गाडीत कोपऱ्यात ठेवलं. मी डोळ्यांनी पाहिलंय.

बंगळुरूला पेटी उघडली तर आत काचेचा चुरा. दोन्ही मोठ्या ट्यूब गेल्या, एक बारकी पण. नातीने सगळं झाडून काढलं आणि रागारागात कुरिअरच्या ऑफिसला तक्रार केली. ट्यूब काढून वेगळ्या पाठवायच्या होत्या हे तिला काय माहीत? खोकं तर बाहेरून धडधाकट. ऑफिसने सलीमला धरलं, तू आदळलंस म्हणाले, आणि नाजूक सामानाला हात लावायचा नाही असं फर्मान काढलं. तो माझ्याकडे आला, म्हणाला, मामा, तुम्हीच सांगा, बच्चे जैसा रखा था ना मैंने? मी म्हटलं, अरे, तू कशाला आदळशील, पुढे गाडीत कोणी तरी फेकलं असेल. असं म्हटलं मी. त्याच्यासाठी चहा मागवला.

कार्यक्रमाला पोरीने दुसऱ्या कोणाचा तरी ॲम्प आणला. सर म्हणाले, चांगलं वाजवलं तिने, मी ऐकलं, पण आवाज माझ्या पेटीचा नव्हता. ते कोणाला दोष देत नव्हते. तेच मला सहन होईना. पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं ओकलो. मला वाटलं, ॲम्पबद्दल बोलतील. ते म्हणाले, म्हणजे त्या सलीमला उगाच बोलणी बसली? त्याला सांगितलंस का? मी म्हटलं, सांगतो, सर.

त्यांनी नातीला सांगून तक्रार मागे घ्यायला लावली. मग कपाटावरचा बंद पडलेला रेडिओ काढायला सांगितला, त्याची पाठ उघडायला लावली आणि माझा हात स्वतःच्या थरथरत्या हातात धरला. आधी चाप बाजूला, मग बुडाशी पकडायचं, पिळायचं नाही, किंचित डुलवत सरळ ओढायचं. अलगद आली हो बाहेर. सर म्हणाले, दगडाला आधार लागतो, काचेला मोकळीक. तू कागद ठासलास म्हणजे पेटीला बसलेला प्रत्येक धक्का काचेपर्यंत पोचवलास. बाबांचा नियम दगडाचा होता, मी तो काचेला लावला. पण ही चूक मला तेवढी बोचत नाही. न येणं ही काही लाज नाही. हो म्हणणं ही लाज.

आता गिऱ्हाइकाने नवीन वस्तू आणली तर मी त्यालाच विचारतो, ही कशी उघडते, आत काय आहे. काही जण हसतात, पॅकिंगवाल्याला पॅकिंग येत नाही म्हणतात. हसू देत. पण कुंकवाचा करंडा त्या दिवसापासून फळीवर पडून आहे. एकाही पार्सलला बोट लावलेलं नाही. कुठल्या तोंडाने लावू?

कारण सलीमला मी अजून सांगितलेलं नाही. सहा महिने झाले. नाजूक सामान त्याला परत मिळालं, का मिळालं हे त्याला माहीत नाही, म्हणतो ऊपरवाले ने सुन ली. सरांचा फोन आला की ते विचारतात, सांगितलंस ना त्याला? आणि मी म्हणतो, हो. बघा, पुन्हा तोच हो.

आता साडेतीन झालेत. चारला गाडी येईल. तुम्ही बसा ना थोडं, चहा सांगतो. तुम्हाला सांगून झालंय, तर तेच शब्द त्याच्यासमोर कदाचित निघतील, तुम्ही बसलेले असलात तर मला शब्द फिरवता येणार नाहीत. हे समोरचं खोकं बांधून तयार आहे, वरची पट्टी तेवढी मारलेली नाही. सांगितलं तर करंडा काढीन. नाही जमलं, तर हेही कोरंच जाईल.