खुर्चीच्या फोटोचं नाव

अहो, नियम माझाच होता, म्हणून तर बोंबलताही येत नाही! तुम्हाला सांगतो, पाच वर्षं लांब शिकून परत आलो, आता आपल्या माणसांसाठी काहीतरी करायचंच म्हणून काकांच्या सुतारखान्याची वेबसाइट केली आणि अख्ख्या घराला समोर बसवून ठणकावलं, "नाव हीच ओळख! एका खुर्चीचा एक फोटो, फोटोच्या फाइलला एक नाव, आणि साइटवर फोटोखाली तेच दिसणार. फोटो कितीही कापा, उजळा, फिरवा... नाव बदलायचं नाही!"

काकांनी ऐकलं ना! सगळ्यात देखण्या खुर्चीचा सांधा नीट दिसावा म्हणून त्यांनी फोटो कापला, एक पाय तेवढा ठेवला आणि चढवला त्याच नावानं. झालं! आधीचा फोटो गेला, पहिल्या पानावर हा एवढा थोरला पाय! खुर्ची गायब! आणि कधी? तर ज्या दिवशी दुपारी बारा वाजता प्रदर्शनाची निवड समिती साइट बघणार, त्याच दिवशी अकरा वाजता! ही निवड हुकली तर सुतारखाना बंद, असं काका महिनाभर म्हणत होते हो...

"काका, काय केलंत हे?"

"तूच म्हणालास ना, नाव बदलायचं नाही!"

मूळ फोटो? काकूच्या फोनमध्ये. म्हणजे होता! "अरे, साइटवर आहे म्हणून पुसला. फोनमध्ये जागा नको का?" बरं, खुर्ची तरी? ती विकलेली, दातांच्या डॉक्टरांकडे, पेशंटना बसायला! पळालो. तर खुर्चीत गाल सुजलेले एक गृहस्थ.

"जरा उठता का?"

"अंहं!"

उठेचनात! काढला तसाच, गालासकट. चढवला त्याच नावानं... पाय! पुन्हा चढवला... पाय! एकदा दाखवलेलं चित्र साइट त्या नावाला तासभर सोडतच नाही! बाराला चार मिनिटं. नाव बदलायचं नाही म्हणे! मोडला नियम, सुचेल ते नाव ठोकलं, 'दातदुखी'... आणि दिसली की खुर्ची!

दुपारी समितीचा फोन. "अभिनंदन! खुर्चीत माणूस बसवणारे तुम्ही एकटेच. 'दातदुखी' याच नावानं मांडतोय."

काका डोळे पुसत होते. मी म्हटलं, नाव तेवढं बदलून घेतो... काकांनी रंधा खाली ठेवला, अख्ख्या घराला समोर बसवलं, आणि ठणकावलं, "नाव बदलायचं नाही!"