काचंतली सून

मी मूळची नेवाशाकडची, नदीकाठची. पान्यात वाढलेली पोरगी दिली खर्ड्याला, जितं हिरीत वाकून बगितलं तर नुसता खडक. काय सांगू तुमाला, पहिलं वरीस मी रडूनच काढलं, पन मालक चांगला मिळाला. आमच्या मालकांचं पेठंत फोटूचं दुकान हुतं, एका खोलीचं, आत तळ्याचा आन बदकांचा रंगीत पडदा, आन म्होरं रस्त्याच्या अंगाला काचंचं कपाट, त्यात फोटू लावलेलं. कपाटाची किल्ली माझ्या कमरंला. ती किल्ली ध्यानात ठेवा, म्होरं लागंल.

मग त्यो मोठा दुष्काळ पडला, आन दुष्काळात फोटू काढायला कोन येतंय. समदी लोकं दुष्काळी कामावर खडी फोडायला. मालक रिकामं बसून चिडचिडं झालं, मी म्हनलं असं डोकं धरून बसू नका, तर त्यांनी काय केलं, लोकांनी न नेलेल्या फोटूंचं खोकं माझ्याम्होरं वतलं आन म्हनलं, सगुने, ह्यातलं कुठलं बी दोन उचल, शेजारी शेजारी ठेव आन काय दिसतंय ते सांग. झाला आमचा खेळ सुरू. डोळं वटारून बसलेल्या एका म्हाताऱ्याशेजारी मी शेळीचा फोटू ठेवला, शेळी बी तशीच वटारलेली. मालक पोट धरून हसलं, आन ती जोडी आमी काचंत लावली. बाजारची लोकं थांबून बगायची, त्यो म्हातारा बी आला, म्हनला शेळी माझ्यापरीस देखनी हाय. म्हनायचं काय, तर हौस हुती, दुसरं काई न्हाई.

सक्रातीच्या सुमाराला मी नाम्याचा फोटू उचलला. नाम्या म्हंजी आमच्या गल्लीतल्या गया म्हातारीचं एकुलतं एक लेकरू. आदल्या साली ऊस तोडायला तिकडं कोल्हारच्या अंगाला गेल्ता, जाताना फोटू काढला आन न्यायचा राहिला. त्याची टोळी माघारी आली, त्यो काई आला न्हाई. टोळीची लोकं म्हनायची, आमास्नी सोडून दुसऱ्या टोळीत गेला. म्हातारी रोज येशीपातुर जायाची आन माघारी यायची, पोरगं हाय का न्हाई ह्येच तिला ठावं न्हवतं. तर फोटूत नाम्या बाकड्याच्या एका कडंला सरकून बसलेला, कुनाला जागा दिल्यावानी. मी खोक्यात हात घातला आन एका पोरीचा फोटू हाताला लागला. सावळी, बारीक, कपाळ मोकळं, कुनी हाक मारल्यावर बगावं तशी बगतीया. दोगं शेजारी ठेवलं तर नवरा बायकू. मालक हसलं न्हाईत. म्हनलं, ही पोरगी मी काढलेली न्हाई. खरंच, तिच्या म्हागं आमचा पडदा न्हवता, पाचटाची कोपी हुती, ऊसतोड्यांची झोपडी आसती तशी. शहरातनं फोटूचा कागद येतो त्यात कुनाचा तरी मिसळला आसंल, आसं म्हनून मी जोडी काचंत लावली.

दुसऱ्या दिशी म्हातारी काचंम्होरं उभी. मला वाटलं आता शिव्या देती, तर ती म्हनली, नाम्यानं लगीन केलं व्हय, सांगितलं न्हाई मेल्यानं. मी म्हनलं आगं म्हातारे, ह्यो आमचा खेळ हाय. ती ऐकंल तर ना. रोज यायची, त्या पोरीशी बोलायची, आज पानी आनलं, आज रेशनच्या मिलू जवारीच्या भाकरी गोड लागल्या, आन जाताना बोटानं काचंवर तिच्या कपाळाच्या जागी कुकू लावून जायची. लोकं हसायची, म्हनून मी संध्याकाळी फडक्यानं पुसून काढायची. एक दिस पुसाया गेले तर निघंना. नखानं खरवडलं, निघंना. मग ध्यानात आलं, कुकू काचंच्या आतल्या अंगाला हाय, फोटूवर. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरंला. मी मालकांना सांगितलं, ते म्हनलं तूच लावलं आसशील. तवापासनं मी त्या काचंकडं पाठ करून बसाय लागले, मला भ्याव वाटायचं.

उन्हाळ्यात एका दुपारी पेठ मोकळी, आन काचंम्होरं एक माणूस उभा. दाढी वाढलेली, गालफाडं बसलेली, आवाजावरनं वळखला, नाम्या. सोताचा फोटू बगत न्हवता त्यो. म्हनला, वयनी, ही हितं कशी आली. मी म्हनलं कोन ही. तर त्यानं काचंवर बोट ठिवलं. म्हनला, ही शेवंता, माजी बायकू. देवळात माळ घातली आमी, जात येगळी, आई उंबऱ्यात उभी करनार न्हाई म्हनून मी गावाकडं आलो न्हाई. सक्रातीच्या आदी तापानं गेली. जाताना येवढंच म्हनली, मला एकदा तुमच्या आईकडं न्या. मी म्हनलं फोटू कुनी काढला तिचा. त्यो म्हनला, वयनी, तिचा फोटू कदीच काढला न्हाई.

म्हातारीचं आठवून मला रडू आलं. मी कपाट उघडलं, तिचा फोटू त्याच्या हातात दिला आन म्हनलं, चल, तुजी आई हिला रोज कुकू लावती.

म्हातारी पोराच्या गळ्यात पडली, रडली, मग समदं ऐकलं. मी मदीच म्हनलं, म्हातारे, जात येगळी हुती तिची. तर म्हातारी म्हनली, इतकं दिस इचारली न्हाई, आता गेल्यावर काय इचारू. उठली, घरात मूठ दोन मूठ मिलू हुता त्यो मापात भरला आन उंबऱ्यावर ठिवला. नाम्या फोटू घिऊन वाकला, फोटूच्या कडंनं माप लवंडाया. फोटू टेकायच्या आदीच माप लवंडलं. मी जवळ उभी हुते, वारं न्हवतं, आन दाना समदा आत, चुलीपातुर गेला. म्हातारी एका अंगाला सरकली, वाट दिली.

म्हातारी गेली, नाम्या बी गेला, त्यानं दुसरी केली न्हाई. आमचे मालक गेले त्याला बी लई वर्सं झाली. त्यांचा फोटू भितीवर येकटाच हाय. पोरं म्हनत्यात आई, तुमचा दोगांचा जोडून करू, हल्ली कायबी हुतं. मी म्हनते आत्ता नगं, माझी येळ झाली की करा, ते तितं सरकून बसलेत मला ठावं हाय. तुमी मगाशी माजा फोटू काढला, काढा, माझं काई म्हननं न्हाई, तुमचं भलं हुईल. फकस्त घरी गेल्यावर त्यो कुनाच्या शेजारी ठेवू नका.