गिनतीतला जोडीदार

मी असोद्याचा. केळीला पाणी द्यायची पाळी कुणाची यावरून चुलतभावाच्या डोक्यात फावडं घातलं, तो वाचला म्हणून मी चार वर्षांत सुटलो, नाहीतर असा तुमच्यापुढे चहा पीत बसलो नसतो. त्याआधी मी गावात कशासाठी प्रसिद्ध होतो, विचारा. नकलांसाठी. तलाठी आबा तपकीर कशी ओढतात, सरपंच भाषणात अडकले की धोतर कसं सावरतात, बठ्ठं करून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे, आणि लोक हसायला लागले की मला थांबता येत नाही, हा माझा जुना रोग शे.

तुरुंगात मला सुतारकाम शिकवलं. चांगलं शिकवलं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी शिट्टी झाली की हातातलं हत्यार समोर जमिनीवर ठेवायचं, जोडीजोडीनं उकिडवं बसायचं, हात गुडघ्यांवर, मान खाली, मग हत्यारं मोजायचे आणि माणसंही मोजायचे. याला गिनती म्हणायचे. माझ्या जोडीला सुकलाल असायचा, धुळ्याकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा, अगदी अबोल. माझी आई गेल्याचं पत्र आलं तेव्हा मला पुढं वाचवेना, तर त्यानं वाचून दाखवलं आणि रात्रभर जवळ बसून राहिला.

सुटताना सर्टिफिकेट मिळालं. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. आता त्या कागदाची गंमत ऐका. जळगावात एका फर्निचरवाल्यानं तो मोठ्यानं वाचायला घेतला, उत्तम कारागीर, वा, मेहनती, वा, आणि खाली शिक्का कुणाचा ते दिसल्यावर कागद असा दोन बोटांत धरला, जशी मेलेली पाल. अशा तीन ठिकाणी तीन पाली झाल्या. मग मी कागद ट्रंकेत टाकला, भुसावळला नानाशेठच्या कारखान्यात गेलो आणि सांगितलं, सुरतेला शिकलो. नानाशेठनं मी लाकडाला घातलेला सांधा पाहिला, म्हणाले, सुरतेचा हात लपत नाही. मी मान डोलावली. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतली कपाटं होती तेव्हा आमच्याकडे, काम भरपूर, माझं लग्नही त्याच नोकरीवर ठरलं.

दीड वर्षानं एके सकाळी दारात सुकलाल उभा. मामाकडे शिकलो म्हणून सांगत होता. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही तोंड फिरवलं, न ठरवताच. आठ दिवस शेजारी काम केलं, बोललो ते फक्त लाकडाबद्दल.

आणि मग नानाशेठनं आपल्या मेव्हण्याला देखरेखीला आणलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. आमच्याकडे संध्याकाळी काम सुटलं की लोखंडी पट्टी ठोकायचे, पण या भाऊंना हौस, पहिल्याच संध्याकाळी त्यांनी खिशातून शिट्टी काढली आणि फुंकली.

काय सांगू तुम्हाला. सुकलालनं पटाशी समोर ठेवली आणि तो खाली बसला. उकिडवा, हात गुडघ्यांवर, मान खाली. आणि माझेही गुडघे वाकले हो, अर्धे वाकले, मी टेबलाची कड धरली. सगळे पाहायला लागले. त्याच्याकडे पाहत होते, पण मला वाटलं, माझ्याकडेच पाहतायत. मग मी काय करावं? मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, तस्साच, मान खाली घातली आणि नाकातून आवाज काढला, घ्या साहेब, जोडी पुरी झाली, मोजून घ्या. कारखाना हसून लोळला. म्हणाले, अरे वामन, हे कुठं पाहिलंस, म्हटलं, सिनेमात.

गार्डभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी सुकलालला विचारलं, आत होतास का रे. तो उठला, म्हणाला, हो. खोटं बोलला असता तर चाललं असतं, पण मी त्याला जागाच ठेवली नव्हती. नानाशेठनं विचारलं, इथं तुला ओळखणारा कुणी आहे का, कुणी तुझ्याबद्दल चांगलं सांगेल का? मी अजून उकिडवाच होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"नही, शेठ. आठे माले कोनी वळखत नही."

गेला. त्याच संध्याकाळी हिशेब देऊन काढलं त्याला. आणि दुसऱ्या दिवशी पोरं म्हणाली, वामनभाऊ, कालचं एकदा पुन्हा करा ना. मी केलं. ऐकताय ना, मी केलं. महिनाभर करत होतो, नवीन माणूस आला की मला पुढं ढकलायचे.

आता जळगावात माझा स्वतःचा कारखाना आहे, सहा माणसं आहेत. त्यांना मी सुरतेचाच माहीत आहे, घरातसुद्धा. सुकलालच्या गावच्या बसमध्ये दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा शिरपूरला उतरून परत आलो. कुणी म्हणतं तो मजुरीला गेला, कुणी म्हणतं गुजरातेत आहे. जिथं असेल तिथं त्याच्या हातात रंधा असू द्या, एवढंच मागणं.

तुम्ही म्हणालात, दोघांची नावं बदलून लिहितो. त्याचं मी आधीच बदललंय. सुकलाल त्याचं नाव नाही, तुम्हालाही खरं सांगणार नाही. माझं मात्र वामनच लिहा, असोद्याचा, आणि छापून आलं की एक प्रत कारखान्यावर पाठवा, उघडी पाठवा. पोरांना वाचता येतं.