आतली कारणे : निरंक

मंडळी, ऐका. आज कीर्तनाला सभामंडप निम्मा रिकामा आहे. मघाशी मी विश्वस्तांना म्हणालो, "मॅच असेल." ते म्हणाले, "मॅच नाही बुवा, उकाडा आहे." झालं! दोघांचंही समाधान झालं. आता मला सांगा — माणसं यायची थांबली, की आपण कारण बाहेरच का शोधतो?

ऐका तर. आपल्या सोलापुरात एका परदेशी कंपनीनं हेल्थ क्लब काढला. बावीस देशांत व्यायामशाळा! गार हवा, भिंतभर आरसे आणि ते ट्रेडमिल — पट्टा मागे पळतो, माणूस पुढे पळतो, आणि दोघंही तिथंच! हसू नका, आपल्यातले किती जण तसेच पळतायत.

तिथला मॅनेजर हृषीकेश कानडे. मुलगा सज्जन, कष्टाळू. त्याला दर महिन्याला परदेशातून एक फॉर्म यायचा. सभासद का घटले? बाहेरची कारणे लिहा — त्याला वीस ओळी. आतली कारणे लिहा — त्याला एकच ओळ. हृषीकेश लिहायचा : रस्ता खणलाय. ऊन बेचाळीसवर गेलंय. समोर दुसरी जिम निघालीय. श्रावण आलाय. वीस ओळी भरायच्या. आणि आतली कारणे? निरंक.

मग वरून निरोप आला : दिवाळीपर्यंत माणसं वाढली नाहीत तर शाखा बंद. नऊ जणांच्या नोकऱ्या होत्या हो! हृषीकेशला अन्न गोड लागेना. न येणाऱ्यांची यादी घेऊन तो दाराशी उभा राहिला. तिथं सुगलाबाई बसायच्या, चपलांच्या कप्प्यांजवळ. कोणाच्या चपला कुठल्या कप्प्यात, बाईंना तोंडपाठ.

यादीतलं पहिलं नाव वाचून तो पुटपुटला, "भोसगे गुरुजी. रस्त्यामुळेच थांबले असणार."

बाई म्हणाल्या, "रस्त्यानं न्हाई, साहेब. बायको वारली त्यांची. म्हैना झाला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी रस्त्याचं इचारत हुता."

हृषीकेश त्याच संध्याकाळी गुरुजींच्या घरी गेला. निवृत्त शिक्षक, घरात एकटे. त्यांनी पाणी दिलं आणि फोन पुढे केला. क्लबच्या कॉम्प्युटरनं आपोआप पाठवलेला निरोप होता : तुमची आठवण येते. जोडीदाराला घेऊन या, तिला महिनाभर मोफत.

"दहाव्याच्या दिवशी आला हा," गुरुजी म्हणाले. रागावले नव्हते. तेच जास्त लागतं, नाही का?

मग म्हणाले, "तुमच्या त्या पट्ट्यावर किती चाललो, ते मी घरी येऊन तिला सांगायचो. दोन किलोमीटर, अडीच किलोमीटर. ती म्हणायची, चाललात एवढं, पण पोहोचलात कुठं? रोज हेच म्हणायची. आता चालून येऊन सांगू कोणाला?"

परत या, असं हृषीकेश म्हणाला नाही. नुसता तासभर बसला.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा नेम झाला. सकाळी आधी सुगलाबाईंना विचारायचं, आज कोणता कप्पा रिकामा? मग त्या घरी जायचं. कोणाचा गुडघा दुखत होता. एका बाईला तिथल्या पोरांच्या हसण्याची लाज वाटली होती. हळूहळू माणसं परत येऊ लागली. गुरुजी मात्र आले नाहीत. फॉर्मच्या त्या एका ओळीत हृषीकेशनं लिहिलं : आम्ही विचारलं नाही.

शाखा वाचली का? नाही वाचली, मंडळी. तिकडे मालक बदलले आणि बावीस देशांतल्या लहान शाखांवर एका दुपारी फुली पडली. बाहेरची कारणं खोटी नसतात. रस्ता खरंच खणलेला होता, ऊनही खरं होतं. पण त्यांच्यापुढे तुमचं-माझं काय चालतं? हातात असते ती एकच ओळ.

शेवटच्या दिवशी सकाळी एक कप्पा भरला. भोसगे गुरुजी! पट्ट्यावर चढले, सावकाश चालले, घाम पुसत दाराशी आले आणि हृषीकेशला म्हणाले, "दोन किलोमीटर."

हृषीकेश म्हणाला, "चाललात एवढं गुरुजी, पण पोहोचलात कुठं?"

कित्येक महिन्यांनी हसले हो गुरुजी. म्हणाले, "तुमच्यापर्यंत."

आता माझं सांगतो. गेल्या वर्षी त्या तिसऱ्या खांबाशी एक गृहस्थ बसायचे. त्यांचा टाळ कायम मागे पडायचा. मी इथून त्यांची थट्टा करायचो, तुम्ही हसायचात. आज टाळ अगदी तालात पडतोय आणि मला करमत नाहीये. मी उकाड्याचं विचारलं, मॅचचं विचारलं. त्यांचं मला नावही ठाऊक नाही.

गजर नंतर करू. आधी सांगा, कोणाला ठाऊक आहे?