झोपेतला आवाज

दातांच्या तारा घट्ट करून घ्यायला आलेली चिमी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मैत्रिणीला लिहीत होती, 'शेजारी बसलेल्या ताईचं ऐकलंस ना, तर हसून लोळशील.' ती ताई गाल धरून बसली होती आणि तिचा धाकटा भाऊ तिला पढवत होता.

"डॉक्टरांना नीट सांग हं. जबडा कधीपासून दुखतोय?"

"आधी डोकं दुखायला लागलं. तू माझा आवाज घरच्या ग्रुपवर टाकलास, त्यानंतर जबडा."

"अगं, गंमत होती ती. झोपेत दात खातेस, गिरणी चालल्यासारखे. सगळे हसले."

"हो ना. मावशीकडे राहायला गेले, तर तिने माझी गादी आधीच बाहेरच्या खोलीत घातली होती."

"पण आता कुठे आवाज येतो? थांबलं की ते."

"तोंडात रुमाल धरून झोपते मी. सकाळी तो काढायला जबडा उघडत नाही."

"रोज?"

"रोज. पुढच्या महिन्यात हॉस्टेलला जायचंय. एका खोलीत तिघी आहेत."

"मला सांगायचंस तरी."

"तुला? तू रुमालासकट फोटो काढला असतास."

आतून ताईला हाक आली.

"मी येऊ का?"

"ये. फोन बाहेर ठेव."

भावाची मान वर होईना. त्याने फोन चिमीपुढे धरला. "जरा सांभाळशील?"

चिमीने तो दोन्ही हातांनी घेतला. मांडीवरच्या तिच्या स्वतःच्या फोनवर मैत्रिणीचं उत्तर आलं होतं: 'मग रेकॉर्ड करून पाठव ना.'

चिमीने आपला फोन पालथा घातला.