न गळणारे बन

आता तुम्हीच सांगा, रोज फोनवर 'जेवलात का, औषध घेतलंत का' एवढंच विचारून फोन ठेवणारा मुलगा अचानक म्हणतो, "बाबा, रविवारी चहाला येतो. दोघंही येतो. बोलायचंय." माणूस धास्तावणार की नाही? बोलायचंय म्हणे. तो काही बोलणाऱ्यातला नाही हो. मागे एकदा असंच बोलायचं होतं त्याला, तेव्हा माझी सायकल विकली गेली. त्याच्या आधी बोलायचं होतं, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते सांगायचं होतं, त्याच्या आईबद्दल... असो.

शेजारच्या वहिनींना सांगितलं. सांगायला नको होतं. दारात भाजी निवडत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या थोरल्या दिरांकडेही असेच चहाला म्हणून आले होते. छान आहे म्हणे तो वृद्धाश्रम. बाग आहे." मी म्हटलं, मग? "मग काय. बागेतच असतात." म्हणजे बसून की... पुढे विचारवेना.

आणि कारण होतं, खोटं कशाला बोलू? गेल्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून मी गच्चीवर गेलो, पातेल्याचा कोळसा झाला, आणि धूर बघून मुलाला फोन कुणी केला? याच बागवाल्या वहिनींनी. म्हणून या रविवारी मी ठरवलं, यांना दाखवायचं. हा म्हातारा नुसता चहा नाही, चहाबरोबर घरी भाजलेले जॅमचे बन करून घालतो. बन भाजणाऱ्या माणसाला कोण उचलून नेणार?

बन करायची ती आमची ही. पण तिचे बन गळके, तुम्हाला सांगतो. तोंड नीट दाबायचीच नाही, निम्मा जॅम ट्रेला चिकटलेला. मी उभा जन्म बॉयलरचे पत्रे जोडले. पाण्याचा दाब देऊन साहेब तपासायचा, माझ्या जोडातून थेंब गळला नाही कधी. मी तिला म्हणायचो, असला माल आमच्याकडे पास झाला नसता. ती म्हणायची, "अहो, गळू द्या थोडं. वाफेनं जायचं कुठं?" मी लक्ष दिलं नाही.

तर रविवारी मैदा मळला, यीस्ट घातलं, वर फडकं टाकलं. फुगायला लागला. इतका फुगला की फडकं हळूहळू वर उचललं जात होतं, जणू खाली कुणीतरी श्वास घेतंय. घरात मी एकटा. मला ते काही बरं वाटलं नाही. बोलायचंय म्हणे. गोळे केले, कंजूष म्हणतील म्हणून आत चांगला भरपूर जॅम, आणि तोंडं बंद केली. नुसती दाबली नाहीत. जोडावर पिठाची पट्टी, पट्टीवर पाण्याचं बोट, त्यावर आणखी पट्टी. जोड खाली करून ओव्हनमध्ये ठेवले आणि काचेसमोर खुर्ची टाकून बसलो. पातेल्यासारखं पुन्हा नको.

बराच वेळ सगळं शांत. मग आतून बारीक आवाज... सुंऽऽ. हा आवाज मी ओळखतो. कारखान्यात हा आवाज आला की माणसं हातातलं टाकून पळायची. मी पळालो नाही. घर माझं आहे, पळायचं कुठं? ओव्हनचं दार उघडून वाकलो, तेवढ्यात बेल वाजली, आणि धाडकन...

तसाच दार उघडायला गेलो. सदरा लाल, कपाळ लाल, भुवईवरून थेंब ओघळतोय, मागे धूर. सुनेने भिंत धरली. मुलगा म्हणाला, "बाबा, कोणी मारलं तुम्हाला?"

म्हटलं, जॅम आहे. बसा. चहा टाकतो.

बसले. उरलेले बन समोर ठेवले. सूनबाई त्यांच्याकडे अशी बघतेय, जणू आता यातला कुठला फुटतोय. मुलाने एक खाल्ला. वर छताकडे बघितलं, तिथेही जॅम होता. दुसरा घेतला. मग म्हणाला, "बाबा, बोलायचंय."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, मी हे घर सोडून कुठेही जाणार नाही, एवढं ऐक आणि मग काय ते बोल.

"तुम्ही कुठं चाललात?" तो म्हणाला. "आमचा घरमालक जागा रिकामी करून मागतोय. आम्हीच इकडे राहायला यावं म्हणत होतो... चालेल ना?"

आता काय म्हणणार? हो म्हटलं. सूनबाई अजून छताकडेच बघत होती. म्हणाली, "येतो बाबा. पण ओव्हनला हात तुम्ही लावायचा नाही."

घर राहिलं, ओव्हन माझ्या हातून गेला. आता रविवारी बन सूनबाई करते. पण त्या दिवशी साफ करताना मी नीट बघून घेतलंय, तो बन पाठीतून फुटला होता. जोड शाबूत होता. हे एकदा तिला सांगावं म्हणून परवा स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, सूनबाई, जरा बोलायचंय. तर तिचाच चेहरा असा उतरला की... राहू दे म्हटलं.

तिचे गळतात. मी गपचूप खातो.