भोंगा कशाचा झाला?

सूनबाई : बाबा, आधी ते बूट काढा बघू. कुठेही जायचं नाही.

सासरे : अगं, भोंगा झाला! बहिरी झालीस की काय? जन्म गेला माझा या भोंग्यावर. तो झाला की डबा उचलायचा आणि गेट गाठायचं.

सूनबाई : ते पेपरमिल चालू होती तेव्हा. आता गेटला कुलूप आहे. भोंगा जंगलखात्यानं मागून घेतलाय, नदीपलीकडून बिबट्या आला की वाजवायला. वाजला की दारं लावून आत बसायचं.

सासरे : ज्या भोंग्याला बाहेर पडायचं, त्याच भोंग्याला आता आत बसायचं? कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे? आणि मग तुझा नवरा कुठे धावला?

सूनबाई : गेटकडेच. तोंडातला घासही गिळला नाही. 'मिल उघडली गं!' म्हणाले. मी मागून ओरडले, अहो, बिबट्या असेल! तर म्हणतात, 'असेल, नाहीतर नसेल.' बाबा, हसू की रडू तेच मला कळेनासं झालंय.

सासरे : चिमणीतून धूर निघतोय का बघ.

सूनबाई : काहीतरी आहे खरं. पण धूर की धुकं, हे या खिडकीतून कधी कळलंय?

(दारावर थाप.)

वनरक्षक : दार उघडू नका, ताई! आतूनच ऐका. बिबट्या मिलच्या लाकडांच्या ढिगात शिरलाय. घरात सगळे आहात ना?

सूनबाई : हे नाहीत हो! गेटवर गेलेत.

वनरक्षक : तुमचेही? अर्धं गाव तिथे रांग लावून उभं आहे, डबे घेऊन! ओरडून ओरडून घसा बसला माझा, एकजण हलेल तर शपथ. उलट मलाच विचारतात, पहिली पाळी कुणाची?

सासरे : पण भोंगा तुम्हीच वाजवलात ना?

वनरक्षक : आम्हीच, आजोबा. लोकांनी घरात बसावं म्हणून!

सूनबाई : म्हणजे मिल...?

वनरक्षक : मिल कुठली, ताई! काळजी करू नका, आमची माणसं काठ्या घेऊन रांगेभोवती उभी आहेत. एका हिरव्या मफलरवाल्याला मी बाजूला घेऊन समजावलं. त्याला पटलं बिचाऱ्याला. पण म्हणाला, जरा वेळ उभा राहतो, घरी इतक्यात कळायला नको.

सूनबाई : हिरवा... मीच विणलाय तो.

वनरक्षक : अरेरे. चुकलंच माझं, ताई.

सासरे : तुझं काही चुकलं नाही. जा तू, पुढची दारं ठोठाव. आणि सूनबाई, डोळे पूस. तो आला की बिबट्या दिसला का, एवढंच विचार.